नामदार गोखले आणि नाकारलेली 'सर' पदवी

ज्ञातिसंघाच्या वार्षिक स्मरणिकेत आपल्या ज्ञातीतील एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र द्यावे, अशी प्रथा आहे. यंदा वारजे परिसरातील चित्पावन ज्ञातिबांधवांपुढे आम्ही नामदार गोपाळ कृष्ण गोखले ह्यांचे चरित्र ठेवीत आहोत. ते बहुतेकांस परिचित आहे. म्हणून त्यांनी नाकारलेल्या एका बहुमानाचा विचार येथे विशेषेकरून केला आहे.

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक येथे झाला. पितृछत्र बालपणीच हरपले. वडील बंधू गोविंदराव ह्यांनी तुटपुंज्या मिळकतीत पोटाला चिमटा घेऊन धाकट्या भावाचे शिक्षण चालविले. १८८४ साली एल्फिन्स्टन कॉलेजातून पदवी घेतल्यावर सरकारी नोकरीचा मोह सोडून ते पुण्यास डेक्कन एज्युकेशन सोसायटीत आले आणि फर्ग्युसन कॉलेजात अल्प वेतनावर १९०२ पर्यंत अध्यापन करीत राहिले. न्यायमूर्ती रानडे हे त्यांचे गुरू. आकड्यांची शिस्त आणि मताचा संयम ही गुरूकडून लाभलेली शिदोरी होय.

१९०२ साली वरिष्ठ कायदेमंडळात अंदाजपत्रकावर त्यांचे पहिले भाषण झाले. सरकारी खजिन्यातील शिलकेवरून प्रजेची सुबत्ता सिद्ध होत नाही, कराचा बोजा मात्र सिद्ध होतो, असे त्यांनी मांडले. मिठावरील कर तेव्हा मणामागे अडीच रुपये होता. तो १९०३ साली दोन, १९०५ साली दीड आणि १९०७ साली एक रुपयावर आला. हे सारे श्रेय एकट्या गोखल्यांचे नव्हे. तथापि गरिबाच्या मिठाची बाजू त्यांनी सातत्याने लढविली, हे निर्विवाद आहे.

आता त्या बहुमानाविषयी. १८५७ नंतर हिंदी संस्थानिक व अधिकारी ह्यांना राजनिष्ठेच्या सूत्रात गोवण्यासाठी इंग्रज सरकारने १८६१ साली 'स्टार ऑफ इंडिया' हा मानवर्ग स्थापिला. पुढे १ जानेवारी १८७८ पासून 'इंडियन एम्पायर' हा दुसरा वर्ग सुरू झाला. आरंभी त्यात एकच पायरी होती. १८८७ साली तीन झाल्या. खालची सी. आय. ई., मधली के. सी. आय. ई. आणि वरची जी. सी. आय. ई. विलायतेतील मानवर्गांत सर्वोच्च पायरीस 'ग्रँड क्रॉस' म्हणत. पण क्रूस हे ख्रिस्ती चिन्ह, म्हणून हिंदुस्थानासाठी 'ग्रँड कमांडर' हा शब्द योजिला गेला. व्हाइसरॉय हा ह्या वर्गाचा ग्रँड मास्टर असे. खालच्या पायरीने नावामागे तीन अक्षरे लागत. मधल्या पायरीपासून नावापूर्वी 'सर' लागे. रानड्यांना सी. आय. ई. मिळाली होती, तर डॉक्टर भांडारकर १९११ साली 'सर' झाले.

गोखल्यांनी १९०४ साली सी. आय. ई. स्वीकारली. जहाल पक्ष त्यांना सरकारधार्जिणे म्हणतच होता. १२ जून १९०५ रोजी त्यांनी भारत सेवक समाज स्थापिला. १९१४ साली त्यांना के. सी. आय. ई. देऊ करण्यात आली. त्या वेळी ते सनदी नोकऱ्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या रॉयल कमिशनचे सभासद होते आणि प्रकृती खालावत चालली होती. त्यांनी ती नम्रपणे नाकारली. धाकटी स्वीकारून थोरली का नाकारली? आम्हांस असे वाटते की, दोहोंच्या मध्ये भारत सेवक समाजाची शपथ उभी होती. स्वतःच्या लाभासाठी झटणार नाही, अशी प्रतिज्ञा ज्याने सहकाऱ्यांकडून घेवविली, त्याने स्वतः 'सर' म्हणून मिरविणे त्या प्रतिज्ञेशी विसंगत ठरले असते. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी वयाच्या अवघ्या ४८व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

त्याच प्रतिज्ञांत आणखी एक होती: जातिपंथाचा भेद न करता सर्व देशबांधवांस भाऊ मानावे. ज्ञातीच्या स्मरणिकेत हे लिहिताना आम्ही संकोचतो, परंतु लपवीत नाही. गोखले आपल्या ज्ञातीत जन्मले हा आपला योगायोग. ते ज्ञातीपुरते राहिले नाहीत हे त्यांचे कर्तृत्व.

पदव्यांचे ते साम्राज्य आता उरले नाही. १९५० साली आपल्या राज्यघटनेने किताब रद्द केले. 'इंडियन एम्पायर' वर्गाचे अखेरचे हयात 'नाइट', ध्रांगध्राचे महाराज, २०१० साली निवर्तले. परंतु नावापुढे काहीतरी लावण्याची हौस मेलेली नाही. आमच्या ह्याच पानांत सत्कारांच्या याद्या दरवर्षी लांबत असतात. गुणांचा गौरव अवश्य व्हावा. मात्र वारज्याहून कर्वे रस्त्याने शहराकडे जाताना ज्ञातिबांधवांनी कधी भारत सेवक समाजाच्या वास्तूकडे वळावे, आणि 'सर' न झालेल्या त्या पुरुषाचे क्षणभर स्मरण करावे, एवढीच आमची विनंती आहे. त्यांच्या पुण्यस्मृतीस आमचे विनम्र अभिवादन.