प्लेगचे निदान करणारे डॉ. आकासियो व्हिएगास

डॉ. आकासियो गाब्रिएल व्हिएगास यांचा जन्म १ एप्रिल १८५६ रोजी गोव्यातील बार्देश तालुक्यात, हडफडे या गावी एका ख्रिस्ती कुटुंबात झाला. शिक्षणासाठी ते मुंबईस आले. ग्रँट मेडिकल कॉलेजमधून १८८० साली त्यांनी वैद्यकीय पदवी प्रथम श्रेणीत संपादन केली आणि मांडवी भागात दवाखाना थाटला. पुढे ते मुंबई महानगरपालिकेचे सदस्य झाले व तिच्या स्थायी समितीवरही त्यांनी काम केले. रुग्णाची नाडी आणि शहराचा कारभार, दोन्हींशी त्यांचा असा निकटचा संबंध होता.

मांडवी ही गोदीलगतची दाट वस्ती होती. धान्याची कोठारे, अंधाऱ्या चाळी, कोंदट खोल्या आणि तुंबलेली गटारे यांत हजारो कष्टकरी राहत असत. १८९६ च्या पावसाळ्याअखेरीस तेथे एक विचित्र ताप पसरू लागला. जांघेत व काखेत गाठी येत आणि थोड्याच दिवसांत माणूस दगावत असे. उंदीरही मरून पडत होते. डॉ. व्हिएगास यांनी अशा रुग्णांना त्यांच्या घरी जाऊन तपासले. हा ग्रंथिक प्लेग आहे, असे निदान त्यांनी केले आणि २३ सप्टेंबर १८९६ रोजी ते महानगरपालिकेच्या स्थायी समितीपुढे मांडले.

असे निदान उघडपणे सांगणे सोपे नव्हते. प्लेगचे नाव निघताच मुंबई बंदरातील जहाजांवर परदेशी बंदरांत निर्बंध येणार, व्यापाराला खीळ बसणार आणि शहरात घबराट उडणार, हे सर्वांना दिसत होते. डॉक्टरांवर टीकाही झाली. तथापि अन्य तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे केलेल्या तपासणीतून त्यांचेच म्हणणे खरे ठरले.

निदान करून डॉ. व्हिएगास थांबले नाहीत. वस्त्यांची स्वच्छता आणि उंदरांचा नायनाट यांसाठी त्यांनी मोहीम चालवली. डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजमधील छोट्याशा प्रयोगशाळेत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःच्या शरीरात टोचून घेतली. पुढे डॉ. व्हिएगास यांनी सुमारे १८ हजार लोकांना स्वतः लस टोचल्याची नोंद आढळते.

या साथीला दुसरी, दुःखद बाजूही होती. सरकारने रुग्णांना सक्तीने घरातून हलवण्याचे नियम केले. कुटुंबापासून तुटण्याची भीती, इस्पितळाविषयीच्या अफवा आणि जातिधर्माचे संकेत मोडण्याची धास्ती यांमुळे लोक आजारी माणसाला लपवू लागले. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा आला. पुण्यातील घरझडतीच्या जुलमाने संताप इतका वाढला की २२ जून १८९७ रोजी प्लेग अधिकारी रँड यांच्यावर गोळी झाडण्यात आली. मुंबईची जवळजवळ निम्मी वस्ती शहर सोडून गेली आणि पळणाऱ्यांबरोबर रोगही गावोगावी पोहोचला. त्याच काळात पुण्यात सावित्रीबाई फुले यांनी प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करताना १० मार्च १८९७ रोजी देह ठेवला. मुंबई व साष्टीतील ख्रिस्ती गावठाणांत प्लेगच्या काळी उभारलेले क्रूस आजही त्या दिवसांची साक्ष देतात.

डॉ. व्हिएगास यांच्या कार्याचे मोल मुंबईने जाणले. १९०६ साली ते महानगरपालिकेचे अध्यक्ष झाले. हा मान मिळवणारे ते पहिले एतद्देशीय ख्रिस्ती होत. १९३३ साली त्यांचे निधन झाले. धोबी तलाव येथे त्यांचा पुतळा उभारण्यात आला आणि काळबादेवीतील कावेल भागात एका रस्त्यास त्यांचे नाव देण्यात आले.

त्यांच्या चरित्राचा आपल्या आजच्या जीवनाशी फार जवळचा संबंध आहे. ज्या आर्थर रोड इस्पितळावर लोक चालून गेले, तेच आज कस्तुरबा रुग्णालय म्हणून ओळखले जाते आणि २०२० साली मुंबईतील कोरोनाच्या पहिल्या रुग्णांवर तेथेच उपचार झाले. तेथून जवळच परळला २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालेले टाटा स्मारक रुग्णालय आहे. वसई-विरारमधील कितीतरी कुटुंबे कर्करोगाच्या उपचारांसाठी पहाटेची लोकल धरून ती वाट तुडवतात. तेथील कक्षांना ज्या साथींचे भय असते त्या प्लेगसारख्या गाजावाजा करून येत नाहीत. फ्लू, आरएसव्ही किंवा कोरोना हे विषाणू साध्या सर्दी-खोकल्याच्या रूपाने आत शिरतात.

केमोथेरपीमुळे रक्तातील पांढऱ्या पेशी कमी होतात. अस्थिमज्जा प्रत्यारोपणानंतर तर प्रतिकारशक्ती जवळजवळ नव्याने घडावी लागते. निरोगी माणसाची चार दिवसांत बरी होणारी सर्दी अशा रुग्णाच्या फुफ्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो आणि उपचारही लांबणीवर पडतात. शिवाय अशा रुग्णाच्या शरीरातून विषाणू कित्येक आठवडे बाहेर पडत राहू शकतो. त्यामुळे एका खाटेवरचा आजार पाहता पाहता संपूर्ण कक्षात पसरतो.

प्लेगचा कारक जिवाणू आहे आणि या आजारांचे कारक विषाणू, हा भेद खरा. परंतु साथ आवरण्याची पहिली पायरी तीच आहे. पहिला रुग्ण लवकर ओळखावा, लगेच तपासणी करावी आणि त्याला वेगळ्या खोलीत ठेवावे. सेवकांनी व भेटीस येणाऱ्यांनी मास्क लावावा, प्रत्येक रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी व नंतर हात स्वच्छ करावेत. आजारी परिचारिकेने अथवा डॉक्टरांनी कामावर येऊ नये आणि त्यासाठी त्यांच्यावर दडपण येऊ नये. डॉक्टरांच्या सल्ल्याने रुग्णाने आणि घरच्या सर्वांनी फ्लूची लस घ्यावी. खोकला सांगितला तर केमो पुढे ढकलली जाईल, या भीतीने अनेक रुग्ण तो लपवतात. १८९६ सालीही लोक भीतीपोटीच आजार लपवत होते. म्हणून रुग्णालयाने विश्वास द्यावा आणि रुग्णाने मोकळेपणाने सांगावे, हे दोन्ही आवश्यक आहे. वेगळ्या खोलीत ठेवलेल्या रुग्णाला त्याचे कारण समजावून सांगितले, घरच्यांशी फोनवर बोलू दिले, तर त्याला ती शिक्षा वाटत नाही.

आजाऱ्याला भेटणे हे दयाकृत्य आहे, अशी आपल्या ख्रिस्तसभेची शिकवण आहे. आपल्या धर्मग्रामांत कोणी इस्पितळात असल्याचे कळताच शेजारीपाजारी, सोयरेधायरे फळांची पिशवी घेऊन निघतात. ही आपली सुंदर रीत आहे. परंतु घशात खवखव असताना, लहान मुलाला सर्दी झालेली असताना कर्करोगाच्या कक्षाकडे न जाणे हेही दयाकृत्यच आहे. त्या दिवशी फोन करावा, रुग्णाच्या घरी डबा पोहोचवावा, त्याच्या मुलांची शाळेची ने-आण करावी, आणि त्याच्यासाठी प्रार्थना करावी. प्रकृती पूर्ण बरी झाल्यावर मास्क लावून जावे.

डॉ. व्हिएगास यांनी अप्रिय सत्य वेळेवर सांगितले आणि नंतर लोकांमध्ये राहून त्यांची सेवा केली. आपल्या खोकल्याविषयीचे छोटेसे सत्य वेळेवर सांगण्याचे धैर्य आपण दाखवले, तर एखाद्या दुर्बल रुग्णाचे प्राण वाचू शकतील.