डॉक्टरांचे गुरू : विल्यम ऑस्लर

मोठ्या रुग्णालयात रात्री-अपरात्री धावपळ करणारे निवासी डॉक्टर आपण सर्वांनी पाहिले आहेत. पदवी हाती आल्यावरही त्यांनी आणखी काही वर्षे रुग्णालयातच का राहावे, या प्रश्नाचा माग काढीत आम्ही विल्यम ऑस्लर यांच्या चरित्रापाशी येऊन पोहोचलो.

ऑस्लर यांचा जन्म १२ जुलै १८४९ रोजी कॅनडातील बाँड हेड या खेड्यात एका धर्मोपदेशकाच्या घरी झाला. आपणही धर्मोपदेशक व्हावे असे त्यांच्या मनात होते. परंतु लवकरच ते वैद्यकाकडे वळले. १८७२ मध्ये मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठाची पदवी मिळवून ते लंडन, बर्लिन व व्हिएन्ना येथे शिकले आणि १८७४ मध्ये मॅकगिललाच अध्यापक झाले. तेथे त्यांनी शेकडो शवविच्छेदने स्वतः केली. रोगी जिवंत असताना केलेले निदान कितपत बरोबर होते, हे ते अशा रीतीने ताडून पाहत.

१८८४ मध्ये ते फिलाडेल्फियास गेले. त्याच सुमारास आपल्या आनंदीबाई जोशी त्याच शहरातील स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयात शिकत होत्या, हे ध्यानात येताच आमचे मन क्षणभर तेथे रेंगाळले.

१८८९ मध्ये बाल्टिमोर येथे जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय उघडले आणि ऑस्लर तेथील वैद्यक विभागाचे प्रमुख झाले. त्या काळी अमेरिकेतील कित्येक विद्यार्थी केवळ व्याख्याने ऐकून डॉक्टर होत. रोग्याची नाडीही त्यांनी क्वचितच पाहिलेली असे. ऑस्लर यांनी विद्यार्थ्यांना थेट रोग्याच्या खाटेपाशी नेले. रोग्याची हकीकत विचारावी, रक्त व लघवी तपासावी आणि गुरुजींसमोर निदान मांडावे, असा त्यांचा पाठ असे. पदवीधरांसाठी जर्मनीतील साहाय्यकांच्या धर्तीवर निवासाची पद्धत घालण्यात आली. ते रुग्णालयातच राहत, जबाबदारी पायरीपायरीने वाढे आणि मुख्य निवासी डॉक्टरच्या पदाला ठरावीक मुदतच नसे. लग्नाचा विचार तर दूरच! ही शिस्त आम्हांला कठोर वाटते. पण रोगाचे रात्रीचे रूप दिवसा येऊन-जाऊन कळत नाही, हेही खरे.

१८९२ मध्ये त्यांचा वैद्यकावरील मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. बहुतेक रोगांवर खात्रीचे औषध नाही, ही गोष्ट त्यात लपविलेली नव्हती. रॉकफेलर या धनिकाचे सल्लागार गेट्स यांनी १८९७ मध्ये तो वाचला आणि त्यातूनच संशोधनसंस्थेची कल्पना त्यांना सुचली. १९०१ मध्ये ती संस्था स्थापन झाली.

१९०५ मध्ये ऑस्लर ऑक्सफर्डला प्राध्यापक म्हणून गेले. पहिल्या महायुद्धात, ऑगस्ट १९१७ मध्ये, त्यांचा एकुलता एक हयात मुलगा रेव्हेर बेल्जियमच्या रणभूमीवर जबर जखमी झाला. त्या रात्री त्याच्यावर उपचार करणाऱ्या शल्यवैद्यांत हार्वे कुशिंग होते. ते हॉपकिन्स येथेच निवासी म्हणून तयार झालेले आणि ऑस्लर यांच्या घरी आप्तासारखे वावरलेले. त्यांच्या हातांनाही यश आले नाही. पुत्रशोकाने ऑस्लर खचले, तरी त्यांनी काम सोडले नाही.

२९ डिसेंबर १९१९ रोजी ऑक्सफर्ड येथे फुप्फुसांच्या विकाराने त्यांचे निधन झाले. आयुष्यभर जमविलेले हजारो ग्रंथ त्यांनी मॅकगिलला दिले होते. त्यांच्या अस्थी आज त्याच ग्रंथसंग्रहात ठेवलेल्या आहेत.