चौथ्या धावेचा धनी : निकोलाउस ओटो

एंजिनाचा शोध म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे एखादा पदवीधर इंजिनिअर उभा राहतो. परंतु पेट्रोलवर चालणाऱ्या एंजिनाचे चक्र आजही ज्याच्या नावाने ओळखले जाते, तो निकोलाउस ऑगुस्ट ओटो कोणत्याही तांत्रिक विद्यालयाची पायरी चढला नव्हता. तो वाणसामानाचा फिरता विक्रेता होता. कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी त्याचे चरित्र वाचावे, याला एवढे एक कारणही पुरेसे आहे.

ओटोचा जन्म जून १८३२ मध्ये जर्मनीतील नासाऊ संस्थानातल्या होल्त्सहाउझेन या खेड्यात झाला. तो तान्हा असतानाच वडील वारले. शाळेत हुशार असूनही त्याला व्यापाराच्या उमेदवारीला लावण्यात आले. फ्रँकफुर्ट आणि पुढे कोलोन येथील व्यापाऱ्यांसाठी चहा, कॉफी, साखर, तांदूळ विकत तो गावोगाव हिंडू लागला.

अशा भटकंतीच्या दिवसांत, १८६० च्या सुमारास, पॅरिसच्या लेन्वार नावाच्या संशोधकाने केलेल्या एंजिनाची वार्ता त्याच्या कानी आली. शहरातल्या दिव्यांसाठी नळाने येणारा गॅस हवेत मिसळून त्या एंजिनात ठिणगीने पेटवला जाई. कल्पना नामी होती, पण एंजिन खादाड होते. पेटण्यापूर्वी मिश्रण दाबले जात नसल्याने गॅस फार लागे आणि शक्ती थोडी मिळे. शिवाय ते भयंकर तापे. ओटोने १८६१ मध्ये कोलोनच्या एका कारागिराकडून तसेच एक लहान एंजिन बनवून घेतले आणि त्यावर प्रयोग आरंभले. मिश्रण आधी दाबून मग पेटवले तर जोर किती वाढतो, हे त्याच्या लक्षात आले. १८६२ मध्ये त्याने चार सिलिंडरांचे एंजिन उभे केले. पण आतल्या धक्क्यांनी ते अल्पावधीतच मोडकळीस आले.

दुसरा एखादा असता तर पुन्हा चहा-साखरेकडे वळला असता. ओटोने वाट बदलली, ध्येय बदलले नाही. १८६४ मध्ये ऑयगेन लांगेन हा जाणता भागीदार त्याला लाभला. दोघांनी मिळून केलेल्या वातावरणीय एंजिनात स्फोटाने दट्ट्या वर उडे आणि खाली येताना हवेच्या दाबाने काम करी. १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात त्याला सुवर्णपदक मिळाले, कारण इतर एंजिनांच्या निम्म्याहूनही कमी गॅस त्याला पुरत असे. मात्र ते उंच होते, खडखडाट करी आणि त्याची शक्ती तीन अश्वशक्तींच्या आसपास थांबे. डॉइट्स येथील त्यांच्या कारखान्यात १८७२ मध्ये डाइमलर आणि मायबाख हे पुढे मोटारगाडीमुळे गाजलेले तंत्रज्ञ दाखल झाले.

१८७६ मध्ये ओटोने आपले जुने स्वप्न साकार केले. त्याच्या नव्या एंजिनात दट्ट्याच्या चार धावा होत्या. पहिल्या धावेत मिश्रण आत ओढायचे, दुसऱ्या धावेत ते दाबायचे, तिसऱ्या धावेत पेटलेल्या वायूकडून काम करून घ्यायचे आणि चौथ्या धावेत जळका वायू बाहेर लोटायचा. चारांपैकी एकीतच कमाई. उरलेल्या तिन्ही जडचाकात साठलेल्या गतीवर चालायच्या. त्यातही एक अख्खी धाव केवळ धूर काढण्यासाठी खर्ची घालणे वरकरणी उधळपट्टीच वाटते. परंतु जळका वायू पुन्हा जळत नाही. तो आत राहिला तर ताज्या मिश्रणाची जागा अडवतो. आजही निकासाची नळी काजळीने चोंदली की एंजिन ओढत नाही आणि तापते. निकासाची झडप नीट बसत नसेल, तर दाब टिकत नाही आणि एंजिन अडखळते. उच्छ्वास मोकळा असल्याखेरीज नवा श्वास भरत नाही.

गंमत अशी की खुद्द ओटोचे मत थोडे निराळे होते. दट्ट्या सिलिंडरच्या टोकाला पूर्ण टेकत नसल्याने थोडा जळका वायू आत उरतोच. हा वायू दट्ट्यालगत थर करून राहतो आणि स्फोटाचा धक्का मऊ करतो, असे ओटो मानी. १८७७ च्या पेटंटातही त्याने या थरांवर भर दिला. ड्युगाल्ड क्लर्क आदी तज्ज्ञांनी हे अमान्य केले. यश थरांचे नसून दाबाचे आहे, असे त्यांनी दाखवले. पुढे इंग्लंडातील क्रॉसली कंपनीच्या एंजिनांना लांब निकास नळी जोडण्यात आली. तिच्यातून वेगाने धावणारा वायू आपल्यामागे उरलेला धूरही खेचून नेई. मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विषारी नायट्रोजन ऑक्साइडे कमी व्हावीत म्हणून थोडा जळका वायू मुद्दाम पुन्हा आत सोडण्याची पद्धत आली. त्याने ज्वलनाची आच उतरते. कारण वेगळे होते; पण ओटोला प्रिय असलेला तो जळका वायू असा कामी आला.

त्याच्यावर खरा आघात झाला तो न्यायालयात. बो द रोशा या फ्रेंच अभियंत्याने १८६२ मध्येच एका पुस्तिकेत चार धावांचे तत्त्व मांडले होते. त्याने एंजिन कधी बांधले नाही आणि पुस्तिकाही विस्मृतीत गेली होती. प्रतिस्पर्ध्यांनी ती शोधून पुढे केली. १८८६ च्या जानेवारीत जर्मनीच्या सर्वोच्च न्यायालयाने ओटोच्या पेटंटाचा गाभाच रद्द केला. इंग्लंडात मात्र त्याचा हक्क शाबूत राहिला. वुर्ट्सबुर्ग विद्यापीठाने १८८२ मध्ये सन्मान्य डॉक्टरेट दिलेल्या या माणसाला तो निकाल फार लागला. २६ जानेवारी १८९१ रोजी, साठी गाठण्यापूर्वीच, त्याचे निधन झाले.

कायद्याच्या दृष्टीने निकाल बरोबर असेल. तत्त्व कागदावर प्रथम कोणी उतरवले, हे तारखेवरून ठरते. पण मोडलेल्या एंजिनापासून चालत्या एंजिनापर्यंतची चौदा वर्षे ओटोची होती. त्याचे स्पष्टीकरण चुकले, पेटंट गेले, तरी यंत्र चालत राहिले. पाठ्यपुस्तकांनी त्या चक्राला ओटोचेच नाव दिले, ते या चौदा वर्षांसाठी.