स्वरनिष्ठ तोस्कानिनी

१८८६ सालच्या जून महिन्याची ३० तारीख. ब्राझील देशातील रिओ दि जानेरो या शहराचे नाट्यगृह प्रेक्षकांनी फुलून गेले होते. इटलीहून आलेली एक मंडळी त्या रात्री व्हेर्दी या थोर संगीतकाराची ‘आइदा’ ही संगीतिका सादर करणार होती. ज्या नाटकात पात्रे आपले संभाषण गाऊनच करतात आणि ज्याला मोठ्या वाद्यवृंदाची साथ असते, त्याला संगीतिका म्हणतात.

मात्र मंडळीवर त्या दिवशी मोठेच संकट ओढवले होते. वाद्यवृंदाचा संचालक ब्राझीलचा रहिवासी होता. वादकांशी न पटल्यामुळे त्याने ऐनवेळी काम सोडले होते. प्रेक्षक त्याच्या बाजूचे होते. त्याच्या जागी दुसरा संचालक उभा राहताच त्यांनी आरडाओरडा करून त्याला हुसकावून लावले. तिसऱ्याचीही तीच गत झाली. प्रयोग न होता, तर परक्या मुलुखात मंडळी बुडण्याचीच वेळ होती.

अशा वेळी वादकांना आपल्यातील एका तरुणाची आठवण झाली. तो चेलो हे तंतुवाद्य वाजवी आणि गायकांच्या तालमीही घेई. त्याचे वय अवघे १९ वर्षांचे होते. सर्वांनी आग्रह केला, तेव्हा तो संकोचत पुढे झाला. त्याने संचालकाची छडी हाती घेतली आणि समोरचे स्वरलिपीचे पुस्तक चक्क मिटून टाकले. त्याला संपूर्ण संगीतिका मुखोद्गत होती! हा कोवळा पोरगा पाहून प्रेक्षक क्षणभर स्तब्ध झाले आणि वाद्यवृंद सुरू झाला. प्रयोग संपला, तेव्हा मघाशी गोंगाट करणारेच प्रेक्षक टाळ्यांचा कडकडाट करीत होते. या तरुणाचे नाव आर्तुरो तोस्कानिनी.

तोस्कानिनी यांचा जन्म २५ मार्च १८६७ रोजी इटलीतील पार्मा या गावी झाला. त्यांचे वडील व्यवसायाने शिंपी होते. इटलीच्या स्वातंत्र्यासाठी गॅरिबाल्डीच्या सैन्यात ते लढले होते. घरची स्थिती बेताचीच होती. नवव्या वर्षी आर्तुरो गावातील संगीतशाळेत दाखल झाले आणि तेथेच राहून शिकू लागले. आपल्या वाट्याचे जेवणातील मांस सोबत्यांना विकून ते त्या पैशांतून स्वरलिपीची पुस्तके घेत, असे सांगतात. त्यांची दृष्टी अधू होती. समोर ठेवलेली स्वरलिपी दुरून वाचणे त्यांना कठीण जाई. म्हणून ते प्रत्येक रचना डोळ्यांजवळ धरून वाचीत आणि मनात कोरून ठेवीत. दृष्टीची उणीव त्यांच्या स्मरणशक्तीने भरून काढली. १८८५ साली सर्वोच्च गुण मिळवून ते शाळेतून बाहेर पडले.

आपल्याकडे साथीदार गायकाकडे पाहून साथ करतात. पाश्चात्य वाद्यवृंदात मात्र शंभराच्या घरात वादक असतात. कोणी केव्हा वाजवावे, किती मोठ्याने वा हळू वाजवावे, हे सारे संचालकाच्या हातवाऱ्यांवरून ठरते. तो स्वतः एकही स्वर वाजवीत नाही. पण त्याच्यावाचून एकही स्वर नीट लागत नाही. त्या काळी पुष्कळ संचालक आणि गायक मूळ रचनेत मनाला येईल तसा फेरफार करीत. तोस्कानिनींना हे मुळीच खपत नसे. संगीतकाराने जे लिहिले तेच आणि तसेच वाजले पाहिजे, हा त्यांचा कटाक्ष असे.

१८९८ साली, वयाच्या ३१ व्या वर्षी, मिलान शहरातील ‘ला स्काला’ या जगप्रसिद्ध रंगमंदिराची सूत्रे त्यांच्या हाती आली. तेथे श्रीमंत लोक गप्पा मारण्यासाठी आणि मिरवण्यासाठीही येत. तोस्कानिनींनी ही रीत मोडून काढली. प्रयोग चालू असताना प्रेक्षागृहातील दिवे मंद होऊ लागले. मागच्यांच्या दृष्टीआड येणाऱ्या मोठमोठ्या टोप्या स्त्रियांना उतरून ठेवाव्या लागल्या. एखादे पद आवडले म्हणून ते पुन्हा म्हणवून घेण्याची प्रथाही त्यांनी बंद केली, कारण तिच्यामुळे नाटकाचा ओघ तुटतो. १९०३ साली प्रेक्षकांनी अशाच एका पदासाठी हट्ट धरून गोंधळ घातला, तेव्हा तोस्कानिनी रंगमंदिर सोडून निघून गेले आणि काही वर्षे तेथे परतले नाहीत. टाळ्यांसाठी रचनेची मोडतोड करणे त्यांना मान्य नव्हते.

त्यांच्या स्वभावात दोषही होता. तालमीत एखादा स्वर चुकला, की त्यांचा संताप अनावर होई. ते वादकांवर ओरडत, हातातील छडी मोडून फेकून देत. अनेकांची मने त्यांच्या बोलण्याने दुखावली. तरीही वादक त्यांना सोडून जात नसत. कारण इतरांकडून ते जेवढ्या कष्टांची अपेक्षा करीत, त्याहून अधिक कष्ट ते स्वतः उपसत.

पहिल्या महायुद्धानंतर इटलीत मुसोलिनीचा उदय झाला. आरंभी त्याच्या पक्षाची सुधारणेची भाषा तोस्कानिनींनाही पटली होती. १९१९ च्या निवडणुकीत ते त्या पक्षाच्या यादीत उमेदवार म्हणून उभेही राहिले आणि पराभूत झाले. परंतु मारहाण आणि दहशत हीच त्या पक्षाची साधने आहेत, हे पाहताच त्यांनी त्याच्याकडे कायमची पाठ फिरवली. पुढे मुसोलिनी हुकूमशहा झाला. प्रत्येक समारंभात त्याच्या पक्षाचे गीत वाजवावे, असा आग्रह सुरू झाला. तोस्कानिनींनी ला स्कालामध्ये ते गीत वाजवण्यास नकार दिला.

१४ मे १९३१ रोजी बोलोन्या शहरात त्यांचा कार्यक्रम होता. मंत्री येणार, म्हणून पक्षाचे गीत वाजवण्याचा आदेश आला. तोस्कानिनींनी तो साफ नाकारला. नाट्यगृहाच्या दारातच गुंडांनी त्यांना गाठले आणि तोंडावर प्रहार केले. त्या वेळी ते ६४ वर्षांचे होते. सरकारने त्यांचे पारपत्र काढून घेतले आणि घरावर पहारा बसवला. जगभर निषेध झाला, तेव्हा कोठे पारपत्र परत मिळाले. तो पक्ष सत्तेवर असेपर्यंत तोस्कानिनींनी स्वदेशात पुन्हा छडी हाती धरली नाही.

जर्मनीतील बायरॉइट हे वाग्नर या संगीतकाराचे गाव. तेथील महोत्सवात संचालन करण्याचा मान मिळालेले जर्मन परंपरेबाहेरचे पहिले संचालक तोस्कानिनीच. वाग्नरच्या संगीतावर त्यांचे निरतिशय प्रेम होते. परंतु १९३३ साली हिटलरने ज्यू संगीतकारांचा छळ मांडला, तेव्हा त्यांनी बायरॉइटला जाण्याचे नाकारले. जर्मनीतून परागंदा झालेल्या ज्यू वादकांना घेऊन पॅलेस्टाइनमध्ये एक नवा वाद्यवृंद उभा राहिला. डिसेंबर १९३६ मध्ये तोस्कानिनी स्वतःच्या खर्चाने तेथे गेले आणि एक पैही न घेता त्यांनी त्याच्या पहिल्या कार्यक्रमाचे संचालन केले. मुंबईत जन्मलेल्या झुबिन मेहता यांनी पुढे कित्येक वर्षे याच वाद्यवृंदाचे नेतृत्व केले.

युद्धाची वर्षे तोस्कानिनींनी अमेरिकेत काढली. तेथे त्यांच्यासाठी खास वाद्यवृंद स्थापन झाला होता. नभोवाणीवरून त्यांचे संगीत लक्षावधी घरांत पोहोचले. इकडे ऑगस्ट १९४३ मध्ये बाँबवर्षावात ला स्कालाची पडझड झाली. ते पुन्हा उभारण्यासाठी तोस्कानिनींनी मोठी देणगी पाठवली. ज्यू म्हणून तेथून काढून टाकलेले वृंदगायनाचे शिक्षक व्हेनेत्सियानी यांना पुन्हा सन्मानाने घ्यावे, असा त्यांचा आग्रह होता. तो मान्य झाला. ११ मे १९४६ रोजी नव्या ला स्कालामध्ये पहिला कार्यक्रम झाला. आत जागा न मिळालेले हजारो लोक बाहेरच्या चौकात ध्वनिक्षेपकांवरून ऐकत उभे होते. एकोणऐंशी वर्षांचा वृद्ध संचालक आपल्या घरी परतला होता.

४ एप्रिल १९५४ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांचा अखेरचा कार्यक्रम झाला. वाग्नरची रचना चालू असताना, ज्या स्मरणशक्तीने त्यांना सत्तर वर्षे साथ दिली, तिने क्षणभर दगा दिला. हात थांबला. वादकांनी कसेबसे सावरले. त्या दिवसानंतर त्यांनी लोकांसमोर पुन्हा संचालन केले नाही. १६ जानेवारी १९५७ रोजी न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले. त्यांचा देह मिलानला नेण्यात आला आणि तेथील भूमीत त्यांना चिरविश्रांती मिळाली.

तोस्कानिनींनी स्वतःचे संगीत फारसे रचले नाही. दुसऱ्यांनी लिहिलेले स्वर जसेच्या तसे लोकांपर्यंत पोहोचवणे, एवढेच काम त्यांनी आयुष्यभर केले. त्या कामात त्यांनी ना प्रेक्षकांची भीड बाळगली, ना सत्ताधीशांची.