वेड्यावाकड्या जमिनीचा हिशेब

संगणकावर नकाशा उघडून एखाद्या वेड्यावाकड्या प्लॉटच्या कोपऱ्यांवर एकेक करून क्लिक केले, की शेवटच्या क्लिकबरोबर क्षेत्रफळाचा आकडा पडद्यावर येतो. घराचा आराखडा काढणारे, रस्त्यांची आखणी करणारे हे काम रोज करतात. या आकड्यामागे जो नियम आहे, तो कार्ल फ्रीडरिश गाऊस या जर्मन गणितज्ञाच्या नावाने ओळखला जातो.

गाऊस यांचा जन्म ३० एप्रिल १७७७ रोजी ब्राउनश्वाइग येथे झाला. वडील गवंडीकाम, बागकाम अशी मिळतील ती कामे करत. आईला लिहिता येत नव्हते. मुलाची हुशारी ब्राउनश्वाइगच्या ड्यूकच्या कानावर गेली आणि त्याने शिक्षणाचा खर्च उचलला. वयाची १९ वर्षे पूर्ण होण्याआधीच गाऊस यांनी दाखवून दिले, की केवळ पट्टी आणि कंपासने १७ समान बाजूंची आकृती काढता येते. १८०१ मध्ये सिरीस हा नव्याने सापडलेला खगोल सूर्याच्या तेजात दिसेनासा झाला. तो पुन्हा कुठे दिसेल हे गाऊस यांनी गणिताने सांगितले आणि वर्ष संपता संपता तो तिथेच सापडला.

घरात मात्र सुख टिकले नाही. आश्रयदाता ड्यूक १८०६ मध्ये नेपोलियनविरुद्धच्या लढाईत जखमी होऊन वारला. १८०७ मध्ये गाऊस गॉटिंगेनच्या वेधशाळेचे संचालक झाले आणि दोनच वर्षांत बाळंतपणानंतर पहिली पत्नी गेली. दुसरी पत्नी वर्षानुवर्षे आजारी असे. म्हातारी आईही त्यांच्याकडेच राहायला आली होती.

अशा परिस्थितीत १८२० मध्ये हॅनोव्हर राज्याच्या मोजणीचे काम त्यांच्याकडे आले. १८२१ ते १८२५ या काळात ते उन्हाळ्यात स्वतः रानोमाळ हिंडले. ल्यूनेबुर्गचा परिसर सपाट आणि झाडीचा असल्याने एका खुणेवरून दुसरी खूण दिसत नसे. ती दिसावी म्हणून झाडे तोडून वाट मोकळी करावी लागे. उतरायला मिळेल ते घर, खायला मिळेल ते अन्न आणि रात्री दिवसभराच्या कोनांची आकडेमोड. दूरच्या खुणा स्पष्ट दिसाव्यात म्हणून त्यांनी हेलिओट्रोप हे उपकरण बनवले. आरशाने सूर्यकिरण नेमक्या दिशेला पाठवायचा, की कित्येक किलोमीटरवरून तो ताऱ्यासारखा चमकतो. त्यांच्या सर्वांत मोठ्या त्रिकोणाची एक बाजू तब्बल १०७ किलोमीटर होती. पुढे भारतातल्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणातही हेलिओट्रोप वापरले गेले.

एवढ्या बुद्धीच्या माणसाने मोजणीत वेळ घालवावा, हे खगोलशास्त्रज्ञ बेसेल यांच्यासारख्या मित्रांना पटत नव्हते. पण त्याच काळात, १८२७ मध्ये, गाऊस यांनी वक्र पृष्ठभागांवरचा आपला प्रसिद्ध प्रबंध मांडला. राज्याच्या मोजणीचे काम पुढे त्यांचा मुलगा योसेफ आणि इतर अधिकाऱ्यांच्या मदतीने १८४४ पर्यंत चालले. त्यातून अडीच हजारांहून अधिक ठिकाणांचे निर्देशक, म्हणजे पूर्वेकडे किती आणि उत्तरेकडे किती हे सांगणारे आकडे, हाती आले.

कोपऱ्यांचे निर्देशक माहीत असले, की जमिनीचे तुकडे पाडायची गरज उरत नाही. हा नियम गॉटिंगेनच्याच मायस्टर यांनी १७६९ मध्ये मांडला होता. गाऊस यांच्यामुळे तो त्यांच्या नावाने रूढ झाला. समजा, एका जमिनीचे कोपरे मीटरमध्ये असे आहेत: (०, ०), (४०, ०), (५०, ३०) आणि (१०, ४०). कोपरे क्रमाने घ्यायचे. पहिल्याचा पूर्वेचा आकडा गुणिले दुसऱ्याचा उत्तरेचा, त्यातून दुसऱ्याचा पूर्वेचा गुणिले पहिल्याचा उत्तरेचा वजा करायचा. असे करत शेवटच्या कोपऱ्यावरून पुन्हा पहिल्यावर यायचे. इथे उत्तरे येतात ०, १२००, १७०० आणि ०. बेरीज २९००, तिची निम्मी १४५० चौरस मीटर, म्हणजे सुमारे १४.३ गुंठे. गुणाकार तिरके होत जातात, म्हणून याला बुटाच्या नाडीचे सूत्रही म्हणतात.

संगणक कोपरे चार असोत की चार हजार, हेच करतो. मात्र तीन गोष्टींकडे लक्ष ठेवावे लागते. कोपरे उलटसुलट क्रमाने घेतले आणि सीमारेषा एकमेकींना छेदून इंग्रजी आठसारखा आकार झाला, तर एका भागाचे क्षेत्रफळ दुसऱ्यातून वजा होते. वळणदार कड थोड्याच बिंदूंनी दाखवली तर आकडा चुकतो. वर्तुळाच्या जागी त्याच्या आतली १२ समान बाजूंची आकृती घेतली तर क्षेत्रफळ सुमारे साडेचार टक्के कमी भरते. आणि नकाशाचे प्रमाण लांबीत १ टक्का चुकले, तर क्षेत्रफळ जवळपास २ टक्के चुकते. जमिनीचा व्यवहार याच आकड्यावर ठरत असेल, तर ही चूक खिशाला लागते.

म्हातारपणी गाऊस यांना हृदयविकार जडला. २३ फेब्रुवारी १८५५ रोजी, वयाच्या ७७व्या वर्षी, गॉटिंगेनमध्ये झोपेतच त्यांचे निधन झाले. युरो येण्यापूर्वी जर्मनीच्या १० मार्कांच्या नोटेवर त्यांचे चित्र होते. त्याच नोटेच्या मागच्या बाजूला त्यांनी उन्हातान्हात आखलेल्या मोजणीच्या त्रिकोणांचा एक छोटा नकाशाही छापलेला होता.