आकाशाशी पंचांग ताडून पाहणारे गुरुजी : कै. शंकर बाळकृष्ण दीक्षित

वर्षप्रतिपदेस गुढी उभारून पंचांगाचे पूजन करावे, नववर्षाचे फल ऐकावे, हा आपल्या घराघरांतील परिपाठ होय. परंतु ज्या पंचांगावर आपण हळदकुंकू वाहतो, ते युगानुयुगे कसे पालटत आले याचा इतिहास मराठीत सिद्ध करणाऱ्या पुरुषाचे स्मरण त्या दिवशी क्वचितच होते. ते पुरुष म्हणजे कै. शंकर बाळकृष्ण दीक्षित.

शके १७७५, म्हणजे इ.स. १८५३ मध्ये, दापोलीजवळील मुरूड गावी त्यांचा जन्म झाला. त्यांनी शिक्षकाचा पेशा पत्करला. ठाणे, बार्शी, धुळे येथील शाळांतून अध्यापन करून अखेरीस पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात ते भावी शिक्षकांना शिकवू लागले. आकाशाचे ज्ञान पंडितांपुरते राहू नये, म्हणून १८९२ मध्ये त्यांनी 'ज्योतिर्विलास' हा सुबोध ग्रंथ रचला.

तो काळ पंचांगवादाचा होता. जुन्या ग्रंथांवरून केलेले गणित प्रत्यक्ष आकाशाशी जुळेनासे झाले होते. केरोपंत छत्रे यांनी नव्या गणिताचा पुरस्कार केला, तेव्हा व्रत कोणत्या पंचांगाने धरावे, असा प्रश्न श्रद्धाळू घरांपुढे उभा राहिला. दीक्षित विसाजी रघुनाथ लेले व जनार्दन बाळाजी मोडक यांच्यासमवेत सायन पक्षाचे कैवारी झाले. सूर्य खरोखर उत्तरेकडे वळतो तो २२ डिसेंबरच्या सुमारास; आपली मकरसंक्रांत मात्र जानेवारीच्या मध्यास येते. हे अंतर सुमारे ७२ वर्षांत एका दिवसाने वाढते. असेच चालले तर कालांतराने सण आणि ऋतू यांची फारकत होईल, हे त्या पक्षाचे म्हणणे.

पंचांगात पालट करणे हा अधर्म नव्हे का? याचे उत्तर त्यांनी इतिहासातून दिले. १८९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय ज्योतिषशास्त्राच्या इतिहासात वेदकाळापासूनची परंपरा त्यांनी उलगडली. पूर्वाचार्य वेळोवेळी वेध घेऊन गणितात संस्कार करीत आले. शके १४४२ मध्ये 'ग्रहलाघव' रचणारे गणेश दैवज्ञ हे त्याच मालिकेतील. शतपथ ब्राह्मणात कृत्तिका पूर्वदिशा सोडीत नाहीत असा उल्लेख आहे. आज त्या पूर्वबिंदूच्या बऱ्याच उत्तरेस उगवतात. एवढ्या फरकावरून तो उल्लेख इसवी सनापूर्वी सुमारे ३००० वर्षांचा असावा, असे त्यांनी गणिताने दाखविले.

त्याच वर्षी रॉबर्ट सेवेल यांच्यासह त्यांनी इंग्रजीत कालगणनेचा ग्रंथ प्रसिद्ध केला. हिंदू व मुसलमानी तिथींवरून इंग्रजी तारखा काढण्याची कोष्टके त्यात आहेत. हिजरी वर्ष केवळ चांद्र, म्हणून मोहरम दरवर्षी सुमारे ११ दिवस मागे सरकतो. आपण अधिकमास धरून चंद्राला ऋतूंशी बांधतो. युरोपात १५८२ मध्ये १० दिवस गाळून पंचांग सूर्याशी जुळविले गेले. मार्ग निराळे, आकाश एकच.

२० एप्रिल १८९८ रोजी, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, दीक्षित निवर्तले. धार्मिक पंचांगांत त्यांचा सायन पक्ष रूढ झाला नाही. तथापि २२ मार्च १९५७ पासून भारत सरकारने स्वीकारलेली राष्ट्रीय दिनदर्शिका सायन सौरवर्षावरच आधारलेली आहे.

आपल्या वर्धा जिल्ह्यात मराठी घरी श्रावण अमावास्येनंतर लागतो, तर शेजारच्या मारवाडी घरी तो पंधरा दिवस आधीच सुरू झालेला असतो. चूक कोणाची, असे मुलाने विचारल्यास त्यास दटावू नये. एक मास अमावास्येस संपतो, दुसरा पौर्णिमेस, एवढे सांगावे. आणि चैत्र शुद्ध द्वितीयेस, मावळतीला आकाश निरभ्र असल्यास, त्यास अंगणात नेऊन चंद्राची कोर दाखवावी. पंचांगाचे याहून थोर पूजन कोणते?