हवालदार गोपाळबाबांचा अर्ज
महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर १८८६ साली लष्करातून निवृत्त झाले. जोतीरावांच्या विचारांचा हा माणूस पेन्शन खात स्वस्थ बसला नाही. १८८८ साली त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ लिहिले. पुढे इंग्रजांनी महारांची लष्करभरतीच बंद केली. ज्यांच्या पूर्वजांनी १८१८ साली कोरेगावला रक्त सांडले, त्यांच्या नातवंडांना छावणीचे दार बंद! १८९४ साली बाबांनी अर्ज तयार केला, पूर्वजांची लष्करी सेवा मांडली. त्यात आपण मूळचे क्षत्रिय असल्याचाही दावा होता. तो आम्हाला पटत नाही. आम्ही वकील, म्हणून विचारतो, सेवेचा एवढा पुरावा हाती असता वर्णाची साक्ष कशाला? १९०० साली बाबा गेले. भरती खुली झाली ती महायुद्धात, १९१७ साली. १९२१ साली ती पलटणही मोडली. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ उजाडले.